इथं काठी खाली ठेवायची

जेरल्ड पाँटिंग केकचा डबा घेऊन दारात उभे राहिले, तेव्हाच हेस्टरने ओळखलं की ते काहीतरी मनात धरून आले आहेत. सांत्वनाचे केक फेब्रुवारीतच येऊन गेले होते. वडिलांना मातीत ठेवल्यानंतरच्या आठवड्यात लिटल ऑकरिंगमधल्या झाडून साऱ्या बायकांनी तिच्या ओट्यावर काही ना काही आणून ठेवलं होतं, आणि तिने ते निमूटपणे खाल्लं होतं किंवा फेकलं होतं. आता मे उजाडला होता. मे महिन्यातला केक दुखवट्याचा नसतो.

"या, अंकल जेरल्ड," ती म्हणाली. नात्याने ते कुणीच नव्हते. वडिलांचे जुने मित्र, वडिलांशी भांडायला हक्काचा माणूस आणि गेली बरीच वर्षं गावच्या पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे ग्रामपंचायतीचे, अध्यक्ष. आयुष्यभर त्यांनी शेजारच्या शहरात लोकांचे दात काढले होते. अजूनही बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी तोंडात बघायची त्यांची सवय गेली नव्हती.

"घर आवरतेयस वाटतं?"

"हो. रजा संपायच्या आत उरकायचंय."

"बैस, पोरी. बातमी आहे. तुला आवडेल अशी."

"मी बसलेलीच आहे."

"हो, हो." त्यांनी घसा साफ केला. "नव्या घरांच्या रस्त्याला नाव द्यायचं राहिलं होतं. काल कौन्सिलनं एकमतानं ठरवलं. एकमतानं, बरं का! बैठकीला बिस्किटं कोणती आणायची यावरसुद्धा आमचं एकमत होत नाही. नाव ठरलं, टॅपसेल क्लोज."

हेस्टरच्या हातातली किटली तशीच राहिली. क्लोज म्हणजे आत जाऊन बंद होणारी गल्ली, आणि टॅपसेल हे तिचं आडनाव. तिच्या वडिलांचं.

"विल्फ्रेडच्या नावानं रस्ता," जेरल्ड म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. "या गावाची एकेक खूण, एकेक नाव त्यानं जपलं. आता त्याचंच नाव गावात कायमचं राहील."

"नव्या घरांचा रस्ता," हेस्टर सावकाश म्हणाली. "म्हणजे नॅनच्या बाजेवर."

"हं. त्याच शेतात, हो. आता शेत कुठं राहिलंय म्हणा."

गावाच्या पूर्वेला, ऑकरिंगची हद्द संपते तिथं, त्या शेताला नॅनची बाज म्हणत. नॅन पेरट ही कुणाच्या तरी घरी राबणारी परगावची मुलगी. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत तिचे दिवस भरले होते आणि मुलाचा बाप पुढे येत नव्हता. मूल ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे ज्या गावाच्या हद्दीत, जन्मेल त्या पॅरिशने त्याला पोसायचं, असा तेव्हाचा कायदा. म्हणून ऑकरिंगच्या पंचांनी कळा सुरू झालेल्या त्या मुलीला गाडीत घातलं, हद्दीच्या दगडापलीकडे नेऊन उतरवलं आणि ते घरी जेवायला गेले. पलीकडच्या पॅरिशच्या माणसांनी तिला उचलून पुन्हा अलीकडे आणून ठेवलं. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. सकाळी ती दगडाला टेकून मेलेली सापडली, आणि मूलही. मग दोन्ही गावांचे पंच तिथं उभे राहून तिच्या शवपेटीचा खर्च कुणी करायचा यावर भांडले.

हे कुठल्याही कागदावर नव्हतं. गावं लिहून ठेवतात त्या मिरवायच्या गोष्टी, असं वडील म्हणत. राहिल्या होत्या त्या दोनच गोष्टी. शेताचं नाव आणि हद्द झोडतानाची एक रीत.

दरवर्षी असेन्शनच्या, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या, आधीच्या रविवारी गाव हद्द झोडायला निघे. हातात वाळुंजाच्या काठ्या घेऊन हद्दीच्या एकेका दगडापाशी जायचं, पुढच्या माणसाने दगडाचं नाव मोठ्याने घ्यायचं, बाकीच्यांनी ते पुन्हा म्हणायचं आणि दगडाला काठ्यांनी बडवायचं. पोरांना हातापायांनी उचलून दगडावर हलकंसं आपटायचं, म्हणजे म्हातारपणापर्यंत ती जागा विसरत नाहीत. सगळ्या दगडांना मार. फक्त नॅनच्या दगडाला नाही. तिथं पोचलं की काठ्या गवतावर ठेवायच्या, हळू आवाजात नाव घ्यायचं, आणि काठ्या उचलून पुढं जायचं. का, ते बऱ्याच जणांना माहीतही नव्हतं. पण आजा ठेवायचा म्हणून बाप ठेवायचा, आणि बाप ठेवायचा म्हणून पोरं ठेवायची.

नवी घरं होणार असं कळलं तेव्हापासून वडिलांनी एकच मागणी लावून धरली होती. घरं बांधा, लोकांना राहायला घरं लागतातच, पण रस्त्याचं नाव नॅनची बाज ठेवा. गेल्या हिवाळ्यात, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असताना, ते बैठकीला गेले आणि तेच पुन्हा बोलले. जेरल्डनी तेव्हा त्यांना सांगितलं होतं की ही दंतकथा आहे, पुरावा काय? "मग आपण तिथं काठ्या खाली का ठेवतो, जेरल्ड?" वडिलांनी विचारलं होतं. बैठक पुढच्या विषयाकडे वळली. वडील घरी आले, अंथरुणाला लागले आणि तीन आठवड्यांत गेले.

आणि आता त्या नावावर त्यांचंच नाव बसवायचं होतं. मेलेल्या माणसाच्या हातानेच त्याचं काम मोडायचं.

हेस्टरने किटली खाली ठेवली. अंगातली उष्णता कानांपर्यंत चढलेली तिला जाणवत होती. आणि तरीही तोंडातून जे निघालं ते असं: "तुमचा फार भलेपणा आहे, अंकल जेरल्ड. पण मला तितकीशी खात्री वाटत नाही, की..."

लिटल ऑकरिंगमध्ये याचा अर्थ साफ 'नाही' असा होतो. याहून जोरात 'नाही' तिथं कुणी म्हणत नाही. तिची आई एकदा घरात शिरलेल्या चोराला याच सुरात बोलली होती.

"अगं, विल्फ्रेडही असंच म्हणाला असता!" जेरल्डनी तिचा हात थोपटला. "त्यालाही संकोचच वाटला असता. पाटी तयार आहे, बसवूनसुद्धा झाली. रविवारी हद्द झोडून होता होता आपण तिथं थांबू. कापड तू ओढायचंस. आणि नव्या खुणेवर पहिली काठीही तुझीच."

ते गेल्यावर तिने केक डब्यातून काढला आणि मागच्या कुंपणावरून शेजाऱ्यांच्या डुकरांपुढे टाकला. डुकरांनी तो खाल्ला. तिला तेवढ्याने बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दूध आणायला निघाली आणि मुद्दाम लांबच्या वाटेने गेली. चर्चच्या फाटकाजवळ एक निळी पाटी होती, पाहुण्यांसाठी लावलेली. एक राजा इथं एक रात्र झोपला, असं तीवर सर्वांत वर लिहिलेलं. खाली चर्चचा मनोरा, यूचं म्हातारं झाड, भटकी गुरं ठेवायचा दगडी कोंडवाडा. तळाशी खोडा. खोड्याजवळ एक कुटुंब उभं होतं; बापाने आपल्या दोन पोरींचे पाय त्या लाकडी भोकांत अडकवले होते आणि फोटो काढत होता. "रडल्याचं तोंड करा! रडा ना!" पोरी हसत सुटल्या होत्या.

या लाकडात माणसं बसवली होती, हेस्टरच्या मनात आलं. थंडीत, भुकेली, पावाचा तुकडा चोरला म्हणून. त्याला तेल लावून ठेवतात. त्याची निगा राखायला वर्गणी काढतात. राजा झोपला ती रात्र लक्षात ठेवतात आणि नॅन मेली ती रात्र ठेवत नाहीत.

दुकानात विनी ओकशॉट होती. विनीला ऐंशी उलटून गेली होती. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. दुकान आता तिची सून चालवायची, पण गल्ल्यामागच्या खुर्चीवरून विनी हटली नव्हती.

"ऐकलं, तुझ्या बापाला रस्ता केलाय," विनी म्हणाली. "आता लोकं त्याच्यावर गाड्या लावतील."

"ऐकलंत तर."

"गावात कुणी शिंकलं तरी मला कळतं. तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, भलेपणा आहे तुमचा, पण मला खात्री वाटत नाही."

विनीने डोळे मिटून घेतले. "अरे देवा. शिकलेली पोर तू."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"नाही म्हणायचं. दोन अक्षरं आहेत. माझी आई सांगायची, नॅन पेरट गाडीतून उतरायला नाही म्हणाली होती. ओरडून म्हणाली होती. म्हणून तर गावाला ऐकू गेलं, आणि कुणी दार उघडलं नाही ते अजून डाचतंय." तिने दुधाची बाटली पुढे सरकवली. "माझं तुला एवढंच म्हणणं. जेरल्ड वाईट नाही. गाढव आहे. गाढवाला खुणेनं सांगून कळत नाही."

"तुम्ही बैठकीत का नाही बोललात, विनीआँटी? डॅड एकटे बोलत होते."

विनीने गल्ल्याचा खण उघडून पुन्हा लावला. मग म्हणाली, "बैठकीचा जिना मला चढवत नाही." आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता: "तेही खरं कारण नाही म्हणा."

हेस्टर घरी परतली ती विनीवरही चिडून. खरं तर आता ती सगळ्यांवरच चिडलेली होती. बैठकीत हात वर करणाऱ्यांवर, बैठकीलाच न गेलेल्यांवर, शिट्टी वाजवणाऱ्या त्या छातीने गारठ्यात बैठकीला चालत गेलेल्या वडिलांवर. वडील कधी चिडत नसत. भूगोल शिकवायचे ते. वर्गातल्या ढ पोराला सांगावं तशा शांतपणे ते तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहायचे, जणू न्याय म्हणजे उजळणी केली की येणारा धडा. ती शांतता तिने त्यांच्याकडून घेतली होती. रविवारी सकाळी आरशात बघताना तिला वाटलं, काय उपयोग झाला हिचा?

तिने वडिलांचा जुना मेणकापडाचा कोट चढवला. उजव्या खिशात काहीतरी जड होतं. पेचकस. पायवाटांच्या पाट्या सैल झाल्या की वडील जाता जाता घट्ट करायचे. तिने तो काढून ठेवला नाही.

या वर्षी माणसं बरीच आली होती. चर्चच्या पाळकबाई, पोरं, कुत्री, नव्याने गावात आलेले हौशी लोक पायात कोरे करकरीत बूट घालून. विनीला सुनेने चाकांच्या खुर्चीत घातलं होतं. शेतातून जाताना दोघं तिघं खुर्ची उचलत आणि ती वरून शिव्या देई. हॉथॉर्न फुलला होता, कुंपणं पांढरीशुभ्र. पुढे चालायचा मान वडिलांचा असे. आता तो हेस्टरला दिला होता, आणि तिने पहिल्या दगडापासून नावं घ्यायला सुरुवात केली. करडं सफरचंद, जिथं ते झाड कुणीच पाहिलेलं नव्हतं. बेडकांची गल्ली. फासाचा माळ. प्रत्येक नावामागून काठ्यांचा सडसडाट आणि पोरांची किंचाळी. तिचा आवाज बरा लागत होता. लोक मागून कुजबुजत होते, अगदी विल्फ्रेडच.

नव्या घरांपाशी मिरवणूक थबकली. हद्दीचा दगड आता चौथ्या घराच्या परसात होता, उंच लाकडी कुंपणाआड. बांधणाऱ्यांनी परवानगी घेताना दगड हलवणार नाही असं कबूल केलं होतं, आणि हलवला नव्हता. नुसता कोंडला होता.

"इथं जरा वळसा घालू या," जेरल्डनी सांगितलं. "खासगी जागा आहे. डावीकडून, मंडळी, डावीकडून! पुढं पाटीपाशी भेटू."

माणसं डावीकडे वळली. हेस्टर उभी राहिली.

"हेस्टर? चल ना."

"हद्द वळसा घालत नाही," ती म्हणाली, आणि चौथ्या घराच्या दारावर तिने काठीच्या टोकाने ठोठावलं.

हातात उलथनं घेतलेल्या एका आडव्या बांध्याच्या माणसाने दार उघडलं. मागून बेकन तळल्याचा वास आला.

"आम्हाला काही विकत घ्यायचं नाही. आणि देवाबद्दल असेल तर आमचं बरं चाललंय."

"मी काही विकत नाही. गावाची हद्द तुमच्या स्वयंपाकघरातून जाते. मला पलीकडे जायचंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग वळून हाक मारली. "जॅनिस! एक बाई आलीय. म्हणते, हद्द आपल्या स्वयंपाकघरातून जाते!"

"मग तिला म्हणावं पाय पुसून ये!" आतून उत्तर आलं.

त्याचं नाव रॉय डॅगेट. शहरात बस चालवायचा. दोघं ईस्टरच्या सुमाराला इथं राहायला आली होती. हेस्टर त्याच्या मागोमाग तव्याजवळून गेली आणि मागच्या दाराने परसात उतरली. दगड तिथं होता. कमरेइतका, एका अंगाला कललेला, शेवाळलेला. त्याच्या डोक्यावर जिरेनियमची कुंडी होती आणि कुंडीला टेकून एक प्लॅस्टिकचा बेडूक.

हेस्टरने काठी गवतावर ठेवली आणि तशीच उभी राहिली. काय होतंय ते तिचं तिलाच कळेना. रडू येत होतं की शिवी?

"मारत नाही होय?" रॉयने विचारलं. "ते लोक तर सगळं बडवत चाललेत. माझ्या टपालाच्या पेटीलाही एकाने हाणली."

"या दगडाला मारत नाहीत."

"का? विकणारा पोरगा म्हणाला, शोभेचा आहे. घराबरोबर फुकट."

जॅनिस कॉफीचा मग घेऊन बाहेर आली होती. हेस्टरने त्या दोघांना सांगितलं. आजवर हे सांगायचं काम वडिलांचं होतं. तिला फक्त ऐकायची सवय. तिने ते थोडक्यात सांगितलं, कोरडेपणाने सांगितलं, आणि पेटीच्या भांडणापाशी आली तेव्हा तिचा आवाज इतका कडक झाला की रॉय अर्धं पाऊल मागे सरकला.

जॅनिस दगडाजवळ गेली. "आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस का घर?" रॉय म्हणाला.

"घेतलं असतं. कुंडी ठेवली नसती." तिने मग खाली ठेवला, बेडूक काखेत मारला आणि दोन्ही हातांनी कुंडी उतरवली. मग नाइटगाउनच्या बाहीने दगडाच्या डोक्यावरचं कुंडीचं मातकट वर्तुळ पुसायला लागली. "मी रोज सकाळी हिला टेकून कॉफी पितेय, रॉय."

"आपल्याला काय माहीत."

"तेच म्हणतेय मी."

"मग रस्त्याला त्या पोरीचं नाव का नाही?" रॉयने हेस्टरला विचारलं. "ते कोण टॅपसेल? आम्हाला पत्र आलंय, आजपासून टॅपसेल क्लोज लिहायचं म्हणून."

"टॅपसेल माझे वडील. नॅनचं नाव राहावं म्हणून भांडत भांडत गेले."

रॉयने हे मनात नीट लावून पाहिलं. "म्हणजे त्यांचं नाव लावलंय, त्यांना जे लावायचं होतं ते झाकायला?"

"हो."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी म्हणाले, भलेपणा आहे तुमचा."

"म्हणजे काय?"

तो शहरातला होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. हेस्टरला हसू आलं असतं, पण तेवढी जागा तिच्यात उरली नव्हती. तिने काठी उचलली. "चला," ती म्हणाली. "या तुम्हीही."

रस्त्याच्या तोंडाशी लोक अर्धगोल करून उभे होते. दोन बुटक्या खांबांवर पाटी होती, वर चर्चमधल्या टेबलाचं जांभळं कापड. जेरल्ड बोलायला लागले होते आणि बरं बोलत होते. विल्फ्रेडने गावाला आपली नावं परत दिली असं म्हणाले, फेब्रुवारीपासून आपण नकळत त्याच्या घराकडे बघत जातो असंही म्हणाले, आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता. त्यामुळेच हेस्टरला ते असह्य झालं. खोटं असतं तर निदान तिला नुसतं चिडता आलं असतं.

"ये, पोरी. ओढ."

ती हलली नाही. क्षणभर वाट बघून जेरल्डनी स्वतःच कापड ओढलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं. तिचं आडनाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ही आता ऑकरिंगची नवी खूण," जेरल्ड म्हणाले. "आणि हिच्यावर पहिली काठी विल्फ्रेडच्या लेकीची. मार!"

हेस्टर पुढे झाली. पाटीसमोर गुडघे वाकवून तिने काठी गवतावर ठेवली.

कुणीतरी खोकलं. एका नव्या माणसाने बायकोला विचारलं, हे असंच असतं का? मग खुर्चीची चाकं करकरली. विनीने आपली काठी हात लांब करून सोडून दिली. "मला वाकवत नाही," ती म्हणाली. "ठेवली असं समजा."

"पण आजी, इथं का नाही मारायचं?" एका पोराने विचारलं.

"ही बाज आहे म्हणून. बाजेवर काठी उगारतात का? ठेव खाली."

पोराने ठेवली. मग जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी ठेवल्या, एकेक करत, एकमेकांकडे न बघता. ती रीत त्यांच्या हातांना डोक्याआधी आठवली. बाकीच्यांनी त्यांचं पाहून ठेवल्या. पाळकबाईंनीही ठेवली. शेवटी काठी हातात राहिली ती एकट्या जेरल्डच्या. आयुष्यभर ते या जागेवर काठी खाली ठेवत आले होते, विल्फ्रेडच्या खांद्याला खांदा लावून. आज त्यांनीच गावाला इथं मारायला आणलं होतं. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं, त्यांना ते आत्ता कळलं.

हेस्टरने खिशातून पेचकस काढला आणि पाटीचा पहिला स्क्रू फिरवायला घेतला.

"हेस्टर," जेरल्ड हलक्या आवाजात म्हणाले. "हे आपण नंतर बोलू. शांतपणे, चहा घेताना."

"चहा घेतानाच बोललो होतो. मी नाही म्हटलं होतं."

"तू म्हणालीस, तुमचा भलेपणा..."

"तेच 'नाही' होतं. आणि ते तुम्हाला कळलं होतं. जन्म गेलाय तुमचा या गावात." तिने मान वर केली नाही. "तरी पुन्हा सांगते. नाही. ऐकू आलं? नाही!"

तिचा आवाज समोरच्या घरांवर आपटून परत आला. तिने आयुष्यात कधी एवढ्या मोठ्याने काही म्हटलं नव्हतं. दुसरा स्क्रू निघाला आणि पाटी तिरकी झाली. शेवटचा जाम होता. रॉय डॅगेटने उलथनं खिशात खोचलं आणि पाटीचं दुसरं टोक पेललं. "धरतो मी. तुम्ही फिरवा."

"ही कौन्सिलची मालमत्ता आहे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

स्क्रू निघाला. हेस्टरने पाटी घेतली आणि जेरल्डच्या हातांत ठेवली. "घ्या. पत्रा तुमचा. नाव आमच्या घरातलं आहे, ते मी परत नेते."

पाटी छातीशी धरण्यावाचून जेरल्डना ती नीट धरता येईना. काठी त्यांच्या हातातून केव्हा पडली ते त्यांना कळलंही नाही. ते तिच्या तोंडाकडे न बघता पहिल्यांदाच डोळ्यांत बघत होते. "मला एवढंच वाटत होतं," ते म्हणाले, "की तो कुठंतरी असावा."

एखादी बरी बाई यावर विरघळली असती. हेस्टरच्याही आत काहीतरी हललं, आणि तिने ते हलू दिलं नाही. अजून नाही.

"ते चर्चच्या आवारात आहेत. दगड आहे, दगडावर नाव आहे. आठवण आली की तिथं जा. मीही जाते." तिने मोकळ्या खांबांकडे बोट केलं. "हिला कुठं भेटायचं, ते सांगा."

जेरल्डनी पाटी छातीशी आणखी घट्ट धरली.  कुंपणातून एक काळा पक्षी शिट्टी घालत होता. हेस्टर वळली, हातात काठी नसताना कसं उभं राहावं हे न कळून तिने हात कोटाच्या खिशांत घातले, आणि दरवर्षी वडील घेत त्या हळू आवाजात नाव घेतलं.

"नॅनची बाज."

पहिल्या खेपेला तिच्या एकटीलाच ऐकू गेलं असेल. दुसऱ्यांदा विनीने साथ दिली, तिच्यामागून जॅनिसने, आणि मग बाकीच्यांनी, विस्कळीतपणे, मागेपुढे. "नॅनची बाज." जेरल्डचे ओठ हलले की नाही ते हेस्टरने पाहिलं नाही. पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"तीच लिहिणार मी पत्त्यात," जॅनिस डॅगेट मोठ्याने म्हणाली. "पोस्टमनला समजलं तर समजलं."

तेवढ्यात चौथ्या घरातून धुराची घंटा वाजायला लागली. "बेकन!" म्हणत रॉय उलथनं घेऊन पळत सुटला. पोरं हसली, कुत्री भुंकली, आणि लोकांना खाली वाकून काठ्या उचलायला निमित्त मिळालं. सगळ्या काठ्या सारख्याच. आपली कोणती ते कुणालाच ओळखू येईना. हेस्टरने हाताला आली ती घेतली आणि पुढच्या दगडाकडे चालू लागली. मागे कोण येतंय, ते वळून पाहिलं नाही.

पुढचा दगड ओढ्याच्या वळणावर होता. तिने त्याचं नाव घेतलं आणि काठी उगारून अशी हाणली की ती मधोमध मोडली. उरलेल्या तुकड्याने तिने पुन्हा हाणलं. आणि पुन्हा. पोरं मागे सरकली. मागून खुर्ची येऊन तिच्या शेजारी थांबली. विनीने आपली काठी तिच्यापुढे धरली.

"घे," विनी म्हणाली. "अजून पुष्कळ दगड बाकी आहेत."